दोन दिवस मीच पेशंट

"तू हो पेशंट. तुला वेगळं काही करायला नको, आहेस तशीच बस," प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम म्हणाल्या. सगळा हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

परभणीत आम्हा आशाताईंचं प्रशिक्षण होतं. मनाचा आजार असलेली माणसं गावोगाव शोधायची, त्यांच्याशी बोलायचं, दवाखान्यापर्यंत न्यायचं. सरकारला या कामाला माणसं कमी पडत होती. शिकवताना एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं समुपदेशक. समुपदेशक होऊन कशी बोलते, त्यावरच या कामासाठी निवड.

पहिल्या दिवशी मी पेशंट. दुसऱ्या दिवशीही मीच. मास्तरांच्या, कारकुनांच्या घरच्या बाया आळीपाळीनं समुपदेशक झाल्या. "मेंढरामागं फिरलेली आहे, हिचे केस मुद्दाम विस्कटायला नकोत," मॅडम म्हणाल्या. मी पुटपुटले, रडले, भिंतीकडे बघत बसले. टाळ्या पडल्या.

मला ते येत होतं. माझी आई तशीच बसायची. येलदरीकडं मेंढरं घेऊन गेलो की आम्ही तिला झाडाला बांधून ठेवायचो. दुसरं काही माहीतच नव्हतं. तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मीसुद्धा नाही. ती गेली. आणि मी तिची नक्कल करून टाळ्या घेत होते. त्या रात्री मला माझीच शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा माझ्याकडं बोट केलं. मी जागची हलले नाही.

"मी न्हाई होत आता पेशंट. मला समुपदेशक व्हायचंय."

"तुझी भाषा कळेल का कुणाला?"

"पेशंट बी आमच्यातलेच हायत, मॅडम. त्यांना कळतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी बाजूही घेतली नाही. मॅडमनी दुसरीला उठवलं. प्रशिक्षण संपेपर्यंत मला समुपदेशकाची पाळी दिली नाही. निवडीच्या यादीत माझं नाव आलं नाही.

आमच्या गावासाठी निवडलेल्या बाई एकदाच आल्या, उंबऱ्याबाहेरून चौकशी करून गेल्या. बायका अजून माझ्याकडंच येतात. मी ऐकते, दवाखान्यात घेऊन जाते. थकून जाते. रागवायलाही त्राण उरत नाही.

तरी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अर्ज दिला आहे. मला एकदाही समुपदेशक का होऊ दिलं नाही, ते लेखी द्या. उत्तर आलेलं नाही. पुन्हा अर्ज देणार आहे. ते देतील तेव्हा देतील. तोवर हे काम मीच करणार, आणि कुणाची परवानगी मागणार नाही.