उपायाचा रकाना

सुमंगलाबाई प्रशिक्षणाला जाऊन आल्या, अन् तिथलं सगळं त्यांनी ताडकळसजवळच्या वस्तीवरच्या शाळेत पोरांच्या गळी उतरवलं. कागदावर चार रकाने पाडायचे: ध्येय, पायऱ्या, अडचण, उपाय. पोरांनी काय लिहावं? एकानं कलेक्टर, दुसऱ्यानं कलेक्टरचा ड्रायव्हर. अडचणीच्या रकान्यात सगळ्यांचं एकच, ‘न्हाई’. बाईंनी कपाळाला हात लावला.

पाचवीतल्या शीलानं तेवढं धड लिहिलं. ध्येय: जानेवारीतली नवोदयची परीक्षा. पायऱ्या: रोज दहा गणितं, रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका. अन् नुसतं लिहिलं नाही बरं का, दिवाळीपर्यंत एक दिवस खाडा केला नाही पोरीनं. बाईंना मनातून खात्रीच झाली, ही निघणार.

अडचण मात्र खरी होती. शीलाचा बाप रायभान दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठानं निघायचा. खतासाठी शेतोशेती मेंढरं बसवत पार उन्हाळ्यात परतायचा. दरसाल शीला मागं आत्यापाशी राहायची. यंदा आत्याचं लग्न झालं.

बाई तिच्या घरी गेल्या.

“पोरगी हुशार हाय, मला का कळत न्हाई?” रायभान म्हणाला. “पर ठिवू कुणापाशी? घराला कुलूप लागायलंय.”

“तुमीच सांगा की, बाई,” शीलाची आई अंबाबाई म्हणाली अन् बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली.

माझ्याकडं ठेवा, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण परभणीतल्या दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेले सासरे, बारावीतली लेक मैत्रेयी, सकाळी सातची बस. “बघते काहीतरी,” एवढंच तोंडातून निघालं. त्यांची त्यांनाच लाज वाटली.

बघितलं त्यांनी. वसतिगृहवाले म्हणाले, अर्ध्या वर्षात जागा कुठून आणू? घरी विषय काढला, तर नवऱ्यानं पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. प्रशिक्षणवाल्यांचं काय जातंय रकाने पाडायला!

बिऱ्हाड निघायच्या सकाळी शीला पळत शाळेत आली. “बाई, माझा कागद पुरा झाला,” म्हणत हातात देऊन गेली. अडचणीपुढं लिहिलं होतं, ‘गावात कोणी नाही’. उपायाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘बाई’.

परीक्षेला आणून सोडतो, असं रायभान कबूल करून गेला होता. त्या दिवशी बाई हॉलतिकीट घेऊन केंद्राच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. फोन लावला. “कसं येऊ, बाई? मेंढ्या व्यायल्यात, शीलाच्या मायला लय ताप हाय. कोकरं शीलाच सांभाळायली.” मागून शीलाचा आवाज आला, “आबा, बाईचा फोन हाय का?” मग फोन कट झाला, परत लागलाच नाही. शिपायानं फाटक लावून घेतलं, तरी बाई तिथंच उभ्या होत्या.

पुढच्या वर्षी नव्या पाचवीपुढं त्यांनी फळ्यावर तीनच रकाने पाडले अन् खडू खाली ठेवला.

“बाई,” पहिल्या बाकावरच्या श्रद्धानं विचारलं, “अडचण लिवली. आता पुढं काय करायचं?”