शेजारच्या खुर्च्या

कॉलेजात प्रवेश देताना घरची परिस्थिती बघा, असं मी पत्रकांतून ठणकावून लिहिते. बघायलाच पाहिजे. महागड्या क्लासला जाणारी पोरगी आणि गणवेशांना बटणं लावत पाठांतर करणारी पोरगी, दोघींचे गुण एकाच तराजूत घालणं हा सरळ अन्याय आहे. पण बघायचं म्हणजे कसं, हे लिहायला बसलं की मला आई आठवते.

सोलापुरातल्या एका कॉलेजात गरीब घरच्या मुलांसाठी थोड्या जागा होत्या. माझी निवड झाली, पण एक मॅडम घर बघून जाणार, मगच पक्कं. आई मंद्रूपसारख्या खेड्यातली. तिला एवढंच कळलं, की घरी पाहुणे येणार.

त्या दिवशी मी घरी आले तर घर ओळखू येईना. शेजारच्या काकूंच्या खुर्च्या, त्यांचाच टीपॉय, काचेचे कप. शिलाई मशीनवर ठेवणीतली नवी चादर.

"अगं आई, आपण गरीब आहोत हे बघायला येणारेत त्या!"

"मग? पावण्याम्होरं फाटकं आंथरू व्हय? गप शिरा हलीव."

मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, चौफेर नजर फिरवली. "घर छान ठेवलंय की," म्हणाल्या. खरं सांगावं तर आईचा पाणउतारा, न सांगावं तर कॉलेज गेलं.

तेवढ्यात काकू दारात. "अगं, माझ्याकडंबी पावणं टपकल्यात! माझ्या खुर्च्या दे की."

आईनं मान खाली घातली. मॅडम उठल्या, स्वतःची खुर्ची काकूंच्या हातात दिली आणि खाली फरशीवर बसल्या.

"मावशी, यातलं तुमचं काय काय?"

आईनं मशीनवरची चादर ओढली आणि त्यांच्यासाठी अंथरली. "ही चादर. ते मशीन. ही पोरगी." मग शिऱ्याची ताटली पुढं करत, "शिराबी माजाच हाय. खावा."

जागा मिळाली. तरी माझा संताप जात नाही. काकूंचे पाहुणे दुसऱ्या दिवशी आले असते तर? हक्काची जागा मिळवायला आईनं खाली मान का घालायची?

आईला यातलं काही पटत नाही. ती अजून हळहळते, "बाईनं दोनदा शिरा घेतला बग. खुर्ची असती तर नीट बसून तरी खाल्ला असता."