काकूंनी माझ्या अजगरासाठी आणलेलं स्थळ

"अहो, पण सापाला पाळी येते का?"

काकू किचनमध्ये काकांना कुजबुजत विचारत होत्या. त्यांची कुजबुज बेसमेंटच्या जिन्यापर्यंत स्वच्छ ऐकू येते.

"मला काय विचारतेस? मी सिव्हिल इंजिनिअर आहे," काका म्हणाले.

मी जिन्यातच थांबले. खरं तर मी त्यांना एक महत्त्वाची गोष्ट सांगायला वर निघाले होते. पण अशा वाक्यानंतर आत शिरायचं कसं, हे मला कधीच कळलेलं नाही.

अमेरिकेतल्या कॅरी गावात, काका-काकूंच्या या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहते. तिथे एका काचेच्या पेटीत चार फुटांची, बॉल पायथन जातीच्या अजगराची मादी आहे. बिनविषारी, सुस्वभावी. ती मूळची माझ्या ग्रॅड स्कूलमधल्या रूममेटची. नोकरीसाठी जाताना "दोनच महिने सांभाळ ना यार" म्हणाली, त्याला आता तीन वर्षं झाली. मला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे माझ्याकडे एक अजगर, दोन जिमच्या मेंबरशिप आणि मंडळाच्या गणपतीत दरवर्षी पार्किंगची ड्यूटी आहे.

त्या हिवाळ्यात तिनं उंदीर खाणं बंद केलं. दिव्याखालची उबदार जागा सोडली आणि गार कोपऱ्यात पाण्याच्या भांड्याला वेटोळं घालून बसू लागली. एकदा तर पोट वर करून उताणी पडलेली दिसली. मेली असं समजून मी रडायला सुरुवात केली, तेव्हा तिनं शांतपणे जीभ बाहेर काढली.

व्हेटनं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरनं, सोनोग्राफी केली. "काही झालेलं नाही. अंडी तयार होतायत."

"पण नर तर नाहीये," मी म्हणाले.

व्हेटबाईंनी मलाच विचारलं, "अंडं तयार व्हायला तुम्हाला लागतो का?"

आमच्या शाळेत हा प्रजननाचा धडा मॅडमनी 'रीड इट ॲट होम' म्हणून सोडून दिला होता. घरी मी तो दार लावून वाचला होता, पण मान खाली घालून वाचल्यावर फारसं लक्षात राहत नाही. व्हेटनं मात्र मान वर ठेवून समजावलं. आत बीजं वाढत असतात, म्हणून तिला गारवा हवासा वाटतो. मग एक दिवस अंगाचा मधला भाग अचानक फुगतो, काहीतरी अख्खं गिळल्यासारखा. ते ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजं सुटणं. एखाद्या दिवसात फुगवटा ओसरतो. नराचा उपयोग त्याआधी, नंतर नाही. नंतर तिला ऊब द्यायची, शांतता द्यायची आणि तिच्या वाटेला जायचं नाही. पोकळ का होईना, अंडी ती घालेल.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?" मी म्हणाले, "अंडी." फक्त एवढंच. मी नेहमी एवढंच बोलते आणि मग उरलेलं लोक स्वतः रचतात.

काकूंनी पंधरा दिवसांत स्थळ शोधलं. मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीचा, इथेच जन्मलेला, डेंटिस्ट होऊ घातलेला मुलगा. त्याच्याकडे नर होता. यातलं कोणतं स्थळ कुणासाठी, हे काकू, काका आणि मी, तिघांनाही व्यवस्थित कळत होतं. बोललो मात्र फक्त सापांबद्दल.

"लांबीला कमी आहे हो जरा," काकू फोनवरून माहिती काढून आल्या. "आपली मुलगी थोराड दिसेल."

"गोत्र विचारलंस का?" काका म्हणाले. "एकच निघालं तर पंचाईत."

मी "बरं" म्हणाले. रविवारी चारची वेळ ठरली.

शनिवारी सकाळी पेटीत पाहिलं तर ती फुगलेली. मधोमध, एखादा हापूस अख्खा गिळावा तशी. मी मंडळाची एक मीटिंग कॅन्सल केली आणि पेटीसमोर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत तिचं अंग पुन्हा सारखं झालं. रात्री ती स्वतःहून गार कोपरा सोडून दिव्याखाली गेली. मी सगळं फोनमध्ये लिहून ठेवलं आणि कुणालाही सांगितलं नाही. रविवारी दुपारी अखेर हिंमत करून जिना चढायला लागले, तर काकूंचा तो प्रश्न कानावर आला. आणि लगेच बेल वाजली.

मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, हातात भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. तो म्हणाला, "हाय." मी म्हणाले, "हाय." मग आम्ही दोघांनी कार्पेट पाहिलं. डब्यातला नर अंगाचा घट्ट चेंडू करून, तोंड आत खुपसून बसला होता.

"लाजतोय गं बाई," काकू म्हणाल्या.

वरात खाली बेसमेंटमध्ये आली. काकूंच्या हातात कुंकवाची कोयरी होती. "पहिलीच वेळ आहे, एक बोट लावते." कुणाला लावणार, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

माझी अजगरीण दिव्याखाली वेटोळ्यावर वेटोळं घालून बसली होती. आम्ही जवळ गेलो तशी तिनं फुत्कार टाकला. तीन वर्षांत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

"रागीट आहे," काका म्हणाले. "होईल सवय."

व्हेटनं सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं आणि तिथेच होतं. मी गप्प राहिले तर हे तिघं मिळून, नर धरून, त्याला तिच्या अंगावर सोडणार होते, आणि मी शेजारी उभी राहून "बरं" म्हणणार होते. मुलानं डब्याचं झाकण काढलं, आत हात घातला आणि थांबला. "शुड आय?" त्यानं मला विचारलं. या सगळ्या प्रकरणात मला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

माझा आवाज नको इतका मोठा निघाला.

"नको. काका, तिचं ओव्ह्युलेशन कालच होऊन गेलं, आता नवरा आणून काही उपयोग नाही. आणि काकू, माझंही माझं मी बघेन. झाकण लावा."