दत्ताभाऊंची दुसरी वेचणी

वस्तू बदलायची मोकळीक द्यायची, पण ती आतून कशी चालते ते सांगायचं नाही, याला तुम्ही औदार्य म्हणाल का?

वडीगोद्रीला हायवेलगत दत्ताभाऊंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की ते कॉम्प्युटरवर शेतीचा एक परदेशी गेम उघडून बसत. त्यात खेळाडूंना स्वतःचे बदल, म्हणजे मॉड, घालता येत. ते कसे घालायचे, हे मात्र कंपनीने कुठेच लिहिलं नव्हतं.

एकदा त्यांची आई डबा घेऊन आली. पडद्यावर यंत्र कापसातून फिरलं आणि मागे उघडी जमीन उरली.

"दत्ता, झाडं कुठं गेली?"

"वेचणी झाली ना, आई."

"एकाच वेचणीत? वरची बोंडं फुटायचीत की अजून! कोन्या येड्याचं वावर हाय हे?"

आईची हयात कापूस वेचण्यात गेली होती. दत्ताभाऊंना ते लागलं. गेममध्ये दुसरी वेचणी आणायचीच, असं त्यांनी ठरवलं. फाइलमधला एखादा आकडा बदलायचा, गेम चालवून बघायचा, फसलं की दुसरा आकडा. सगळा पावसाळा यात गेला. एकदा कापूस पहिल्यासारखाच एका वेचणीत संपला, पण कापलेलं सोयाबीन लगेच पुन्हा उगवलं. शेजारचा चहावाला ओरडला, "दत्ताभाऊ, हे बियाणं कुठं भेटतं? दोन पिशव्या मलाबी!"

मी माझा मोबाईल दुरुस्तीला नेला होता; एवढं चाचपडता कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दार उघडं ठेवलंय, दिवा न्हाई लावला. मंग भिंतीला धरून चालून राह्यलो."

दिवाळीच्या सुमारास जमलं. वेचणीनंतर झाडं उभी राहिली, बोंडं पुन्हा फुटली. आई म्हणाली, "आता बराबर." अंबडपर्यंतच्या पोरांनी तो मॉड नेला.

मग कंपनीचं अपडेट आलं आणि मॉडसकट गेम सुरूच होईना. काय बदललं, असं दत्ताभाऊंनी कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं: मॉड करणाऱ्यांचं आम्हाला फार कौतुक आहे.

"कौतुक घेऊन काय करू? बदललं काय, तेवढं सांगा की," असं पडद्याकडे बघत म्हणून त्यांनी मॉड काढून टाकला. मी आग्रह केला, तर म्हणाले, "पुन्हा एक पावसाळा? बिलकुल न्हाई." त्या फाइली त्यांनी परत उघडल्या नाहीत.

अशा माणसांच्या फुकट मेहनतीवर गेम वर्षानुवर्षं विकले जातात. त्यांना नीट माहिती लिहून देणं हे उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. तुम्ही मॉड घालून कुठलाही गेम खेळत असाल, तर आजच त्या कंपनीला कळवा: काय बदलता येतं, कसं, आणि अपडेटमध्ये काय बदललं, ते आम्हाला लिहून द्या. मराठीतच कळवा. अर्थ लावत बसायची पाळी एकदा त्यांच्यावरही येऊ द्या.