माझा फॉर्म भरणारे मामा

आरोग्यविम्याचे कागद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. अंबरनाथचा कारखाना बंद पडला, मामी गेल्या, तेव्हापासून मामा बेलवलीत एकटेच राहतात आणि नात्यातल्या सगळ्यांच्या पॉलिस्या लाल पेन्सिलीने खुणा करत वाचतात. जयभीम झाल्यावर लोक तब्येत विचारतात, मामा विचारतात, "वेटिंग पिरियड संपला का?" एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, की उद्या नोकरी सुटली तर बायकोच्या बाळंतपणाचं काय? मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही म्हणे.

मी नोकरी सोडून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये शिलाई मशीन दुरुस्तीचा गाळा घेतला, तेव्हा स्वतःला मोठा मालक समजत होतो. कंपनीचा विमा राजीनाम्याबरोबरच गेला, हे मला बायकोने सांगितलं. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" म्हणताना मी रक्तदाबाचीच गोळी गिळत होतो. तिने मामांना फोन केला.

मामा गाळ्यावर पोचले तेव्हा शेजारचा एजंट माझा फॉर्म भरत होता. "साईं, बीपी-वीपी मत लिखो, फटाफट पास होगा," असं तो म्हणाला आणि मला तो अतिशय समजूतदार वाटला. मामांनी फॉर्म ओढून घेतला आणि माझी उलटतपासणी सुरू केली. रक्तदाब, गोळीचं नाव, सुटलेली तंबाखू, सगळं लिहिलं. गिऱ्हाइकांसमोर मूळव्याधही विचारली. मी कुरकुरलो तर म्हणाले, "जावईबापू, स्थळ बघायला आलेत का हे विमावाले? लपवताय काय त्यांच्यापासून?" हप्ता वाढला, वर रक्तदाबाच्या आजारांसाठी तीन वर्षं थांबा, हाच तो वेटिंग पिरियड, असं उत्तर आलं. पुढे चार वर्षं मी मामांची नक्कल करून लोकांना हसवलं. फार छान करायचो.

पाचव्या वर्षी गाळ्यातच छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, उद्या अँजिओप्लास्टी. हॉस्पिटलचा उलटा घातलेला झगा सावरत मी पडलो होतो आणि विमा कंपनीचा प्रश्न आला, रक्तदाब कधीपासून आहे आणि पॉलिसी घेताना सांगितला होता का? बायकोबरोबर मामाही धावत आले होते. मामांनी पिशवीतून फॉर्मची झेरॉक्स काढून काउंटरवर दिली. संध्याकाळी मंजुरी आली.

दोन दिवसांनी मी विचारलं, "मामा, तुमची स्वतःची पॉलिसी कुठली?"

"मला नाही देत कोणी. वय, साखर, सगळं खरं लिहितो ना."

"मग एकदा नाही लिहायचं."

ते चष्मा पुसत राहिले. "एकदा नव्हतं लिहिलं. तुमच्या मामीची साखर. एजंट म्हणाला, कशाला लिहिता? तिला दाखल केलं नि क्लेम नाकारला. मग सरकारी दवाखान्यात हलवायला निघालो..."

मामांनी माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मामींच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो. त्या कशाने गेल्या, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईंनी विचारलं, "वडील का तुमचे?"

मी हो म्हटलं. मामांनीही ती नोंद दुरुस्त केली नाही.