गोलपोस्टचं जाळं

पालघरला आमच्या कॉलेजच्या गोलपोस्टला मासेमारीचं जुनं जाळं होतं. आमचा गोलकीपर मुरबे गावचा. त्यानेच ते घरून आणलेलं. जाळ्याला बोंबलांचा वास यायचा. फाटलं की मॅचआधी तोच सांधत बसायचा.

नारळी पौर्णिमेनंतर तो वडिलांबरोबर होडीवर गेला. होडी उलटली. वडील वाचले. तो सापडलाच नाही.

पुढच्या मॅचला बॉल जाळ्याच्या भोकातून थेट मागच्या भातात गेला. सर म्हणाले, "हे काढा, नवीन आणू." मी त्यांच्या अंगावर ओरडलो. आज वयाची ऐंशी ओलांडली तरी मला त्या ओरडण्याचा पस्तावा नाही.

सीझनच्या शेवटच्या मॅचला त्याचे वडील आले. थेट गोलपोस्टपाशी बसून जाळं सांधू लागले. दोन्ही टीम ताटकळल्या, पण रेफ्रीने शिट्टी वाजवली नाही. काम संपल्यावर ते मला म्हणाले, "आता काय बी बाहेर नाय जायाचं."

आमचा नवा गोलकीपर कच्चा होता. गोलावर गोल झाले. प्रत्येक बॉल जाळ्यात अडकला, आणि प्रत्येक वेळी मागे उभे असलेले वडील पुढे होऊन गाठी चाचपून बघत होते, एखादी सुटली तर नाही ना.