रविवारचं पत्रक

विश्वास गुळवणी नव्वदच्या दशकात सोलापूरहून नोएडात आले, तेव्हा तिथल्या सेक्टरांना नुसते आकडे होते, वस्ती नव्हती. परदेशी कंपन्या येत होत्या, प्रोग्रामर मिळत नव्हते. त्यामुळे या गृहस्थांना आधी नोकरी, मग फ्लॅट, मग गाडी असं सगळं ओळीने मिळत गेलं. पुढे कंपनीने आपलं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्यांच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, नेलं आणि इतकी वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या विश्वासरावांच्या हातात पुष्पगुच्छ ठेवला. पत्नी सरलाबाई त्याआधीच गेल्या होत्या. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये विश्वासराव एकटे उरले.

पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. कुठे नवं साधन निघालं, की ते वापरून त्याला नावं ठेवल्याशिवाय या माणसाला चैन पडायची नाही. त्यातूनच त्यांनी मराठी डेव्हलपरांसाठी ईमेलवर एक पत्रक सुरू केलं. वेब, मोबाइल, क्लाउडमध्ये या आठवड्यात काय नवं आलं, कशाच्या नादी लागू नये, सगळं तिखटमीठ लावून. दर रविवारी सकाळी ते न चुकता जायचं.

वाचक मूठभर होते. आणि खरं सांगायचं तर पत्रक एकीसाठीच होतं. त्यांची मुलगी इशिता गुरुग्राममध्ये अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत होती. तिचं घर मेट्रोने गाठता आलं असतं, पण येणंजाणं कधीच थांबलं होतं. फोनवर "जेवलीस?", "हो, तुम्ही?" याच्या पुढे गाडी सरकायची नाही. पत्रकात मात्र विश्वासराव तिच्याशी भरभरून बोलत. पोर दिल्लीकडे वाढलेली, म्हणून अवघड मराठी शब्द खोडून सोपे घालत.

पत्रक कोणी उघडलं हे त्यांना कळायचं. प्रत्येक मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक चित्र असे. मेल उघडला की ते चित्र विश्वासरावांच्या सर्व्हरवरून मागवलं जाई आणि इकडे त्या वाचकाच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटे. इशिताचा ठिपका कधी चुकला नाही. पाठवल्या पाठवल्या यायचा. पोर आपली वाट बघत असते, एवढ्या समजुतीवर त्यांचा आठवडा निघायचा.

मग एका गुरुवारी बातम्या चाळताना त्यांना एक बातमी दिसली. एका मोबाइल कंपनीच्या फोनवर आता मेल आला की त्यातली चित्रं फोन आपली आपणच मागवून घेत होता, मालकाने मेल उघडो वा न उघडो. त्यामुळे त्या ठिपक्यांना आता काही अर्थ नव्हता. ही सोय येऊन काही महिने झाले होते. इशिताकडे त्याच कंपनीचा फोन होता. वाढदिवसाला विश्वासरावांनीच घेऊन दिलेला.

बातमी चांगली होती, लोकांवरची पाळत कमी होणार होती. पत्रकात ती पहिल्या जागी हवी. पण लिहायला बसले की त्यांचा हात चालेना. वगळावी तर वाचकांशी लबाडी, आणि ती त्यांना जमणारी नव्हती. रविवार उजाडला तरी बातमी अर्धीच होती. पत्रक पहिल्यांदाच गेलं नाही.

दुपारी न राहवून त्यांनी फोन लावला. "इशू, माझं पत्रक वाचतेस का गं?"

"अरे, बिल्कुल बाबा! हर संडे." मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं. "आजचं तर बेस्ट होतं. कसं सिंपल लिहिता यार तुम्ही! चलो, कॅब आलीये, नंतर बोलू?"

विश्वासरावांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. पोरीला आपलं मन मोडायचं नाही, एवढंच त्यांना कळलं, आणि घर एकदम फार मोठं वाटलं.

"आवडलं ना? मग झालं," ते म्हणाले. "जा, कॅब थांबलीये."

संध्याकाळी त्यांनी बातमी पुरी केली, पहिल्या जागी घातली आणि पत्रक सगळ्यांना पाठवलं. फक्त पाठवण्याआधी इशिताचं नाव तेवढं काढून ठेवलं. आजचं तिने वाचलं होतं ना.